मेलबर्नची मुक्कामी गाडी

गेल्या वर्षीचा मे महिना. दुपारचा एक वाजलेला. परभणीच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि गल्लीतली कुत्री नळाखालच्या ओल्या खड्ड्यात अंग टाकून पडली होती. अशा वेळी माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोरच्या ओट्यावर बसून एक गृहस्थ फोनमध्ये ओरडत होते, "अंधार लय पडलाय, पोरी! दिव्याखालून चाल. डाव्या अंगाची भिंत सोडू नको!"

कुरिअरवाला नवा होता. तो थबकला. त्यानं आधी आभाळाकडं पाहिलं, मग त्या गृहस्थांकडं, मग माझ्याकडं. मी म्हणालो, "बरोबर बोलतायत ते. अंधारच आहे." त्यानं पाकीट काउंटरवर ठेवलं आणि माझी सही न घेताच निघून गेला.

ओट्यावरचे गृहस्थ म्हणजे त्या समोरच्या घरातले आमचे मारोतराव. अख्खी गल्ली त्यांना कंडक्टरकाका म्हणते. तेहतीस वर्षं त्यांनी एसटीत तिकिटं फाडली. निवृत्त झाल्यावर खाकी कपडे उतरले, पण आतला कंडक्टर काही उतरला नाही. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्याला म्हणतात, "मधी जागा हाय, पुढं सरका." माझ्या दुकानात चार माणसं जमली की ओट्यावरूनच हाळी येते, "दारात थांबू नका, पुढं सरका." एकदा आमच्या शेजाऱ्यांचा बैल गेला. सगळे हळहळत होते. काका आले, शेजाऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "झालं ते झालं. पुढं सरका." त्या माणसाला रडता रडता हसू फुटलं. बैलाचं दुःख काय कमी होतं, पण तो खरंच उठून जेवायला गेला.

आता परभणीच्या गल्लीत भर दुपारी अंधार कसा पडतो, ते सांगतो.

काकांची एकुलती एक मुलगी शीतल. इथल्याच कृषी विद्यापीठात शिकली, पुढं बियाण्यांचं काहीतरी मोठं शिक्षण घेतलं आणि दोन वर्षांपूर्वी नोकरीला थेट ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला गेली. तिकडचं घड्याळ आपल्या साडेचार तास पुढं. आपल्याकडं साडेबारा होतात तेव्हा ती ऑफिसातून सुटून ट्राममध्ये बसते. एक वाजता ती थांब्यावर उतरते. मे महिन्यात तिकडं थंडी, दिवस लवकर मावळतो. थांब्यापासून तिची खोली सात मिनिटांवर, आणि मधला रस्ता सामसूम.

पहिल्या महिन्यात ती रोज त्या रस्त्यावरून रडत फोन करायची. "बाबा, मला नाही जमत इथं. मी परत येते." काकांचं उत्तर ठरलेलं. "तिकीट शेवटच्या थांब्याचं काढलंय. मधी उतरता येत न्हाई. पुढं सरक." एवढं बोलून ते फोन ठेवायचे नाहीत, बरं का. ती खोलीत शिरून आतून कडी लावेपर्यंत फोन चालू. कडीचा आवाज आला की काका हातातली घराची किल्ली लोखंडी फाटकावर दोनदा आपटायचे. टण टण. डबल बेल, एसटी सोडायची खूण. मग काकूंना आवाज, "वाढ गं, पोचली." त्याच्या आधी त्यांच्या पोटात घास जात नसे.

ही पद्धत एसटीतली. नोकरीतली बरीच वर्षं काका मुक्कामी गाडीवर होते. संध्याकाळी परभणीहून निघायचं, झरीच्या पुढं आडवळणाच्या गावाला जायचं, रात्री तिथंच मुक्काम करायचा आणि सकाळी तीच गाडी घेऊन परत यायचं. वाटेत फाट्यावर एखादी बाई एकटीच उतरायची. ती शेतातल्या घराच्या उजेडात पोचेपर्यंत काका बेल मारायचे नाहीत. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, आतली माणसं कुरकुरायची. काका दारात उभे. "बाईमाणूस उजेडात पोचल्याबिगर बेल न्हाई." या नियमापायी त्यांना उशिराबद्दल दोनदा नोटीस मिळाली होती. दोन्ही नोटिसा त्यांनी माझ्याकडून लॅमिनेट करून घेतल्या आहेत.

काकांनी मेलबर्न पाहिलेलं नाही. त्यांच्याकडं पासपोर्टसुद्धा नाही. पण त्यांच्या वहीत शीतलच्या ट्रामचे सगळे थांबे ओळीनं लिहिलेले आहेत. इंग्रजी नावं जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी आपली नावं दिली. चर्चवाला थांबा, केकवाला थांबा, जळक्या दुकानाचा थांबा, कुत्रेवाल्या बाईचा थांबा. शीतल म्हणायची, "बाबा, केकवाला गेला." ते वहीवर बोट सरकवायचे, "मग आता जळकं दुकान. वळणावर दांडी धर." त्यांना तिकडचं विजेचं बिल कधी येतं, कचऱ्याचा कोणता डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा, सगळं पाठ. ऐन उन्हाळ्यात माझ्या दुकानात येऊन म्हणायचे, "पंखा कमी कर. आमच्याकडं दहा डिग्री हाय." आमच्याकडं म्हणजे मेलबर्नला, हे गल्लीला आता सांगावं लागत नाही.

तिकडं वर्षातून दोनदा घड्याळ एक तास मागंपुढं करतात. ऑक्टोबरात त्यांनी घड्याळ पुढं केलं की शीतलचा फोन आपल्याकडं तासभर आधी यायला लागतो. त्यामुळं काकांचं जेवणही तासभर आधी. काकू पहिल्या वर्षी लय भडकल्या. "त्यांनी घड्याळ पुढं ढकललं तर माझ्या तव्याला का घाई? राज्य त्यांचं, चूल माझी!" काका शांतपणे म्हणाले, "वेळापत्रक बदललं की गाडी बदलावी लागती." काकूंनी त्या दिवशी भाकरी जरा जोरातच थापल्या.

ट्राममध्ये कंडक्टर नसतो हे कळलं तेव्हा काकांना ते खरंच वाटेना. "मग लोक तिकीट काढत्यात कशाला?" हा प्रश्न त्यांनी मला किमान पाच वेळा विचारला. मी सांगितलं, मशीनला कार्ड लावतात, आपणहून. "कुणी बघत नसताना?" हो, म्हटलं. त्यांना ते फार आवडलं, आणि थोडं लागलंही. पुढं एकदा शीतल गडबडीत कार्ड लावायला विसरली आणि बापापाशी सहज बोलून गेली. झालं! काका म्हणाले, उद्या दोनदा लाव. ती म्हणाली, मशीन दोनदा घेत नाही. मग काकांनी निकाल दिला, "उद्या एक थांबा आधी उतर आन् पायी चाल." पोरगी थंडीत एक थांबा पायी चालली. फोनवर काका सोबत होतेच. "हिशेब मिटला," म्हणाले.

पण त्यांची खरी कामगिरी म्हणजे रुमाल.

शीतलच्या ऑफिसच्या दुसऱ्या इमारतीतली एक सहकारी पुढच्या थांब्यावर चढायची आणि तिला बसायला जागा मिळायची नाही. काकांना हे ऐकवेना. "येडी हाईस का? शेजारच्या शिटावर रुमाल टाक!" आता आपल्याकडं खिडकीतून आत रुमाल, टोपी, पिशवी, प्रसंगी लेकरू टाकून जागा धरणं हा जन्मसिद्ध हक्क आहे. रुमाल पडला की जागा त्याची, याला कोर्टातसुद्धा आव्हान नाही. शीतलनं बापाचं ऐकून रुमाल टाकला. समोरच्या एका वयस्क बाईंनी तो लगेच उचलून तिच्या हातात दिला. पोरीचा रुमाल पडला असं त्यांना वाटलं. शीतलनं पुन्हा टाकला. बाईंनी पुन्हा उचलून दिला, या वेळी जरा काळजीनं. फोनवर काका पेटलेले. "दबून राहू नको! टाक परत!" तिसऱ्यांदा रुमाल उचलल्यावर त्या बाई सरळ शीतलच्या शेजारी येऊन बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, तुला बरं वाटत नाहीये का?

शीतल इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्या शहरात तिच्याशी कामाखेरीज बोललेलं ते पहिलं माणूस. काकांच्या वहीतली कुत्रेवाली बाई ती हीच. शीतलच्याच गल्लीत राहणारी. दुसऱ्या दिवशी थांब्यावर त्या कुत्रा घेऊन उभ्या होत्या आणि तिला घरापर्यंत सोडायला आल्या. शीतलनं फोन त्यांच्यापुढं धरला. गोऱ्या माणसाशी आपली भाषा चालणार नाही हे काकांनी ओळखलं आणि ते हिंदीवर आले, म्हणजे परभणीच्या हिंदीवर. "सलाम मॅडम! हमारी बच्ची नवी है वहाँ. जरा खयाल रखना, मेहरबानी!" पलीकडून कुत्रा भुंकला. काका फोन झाकून मला म्हणाले, "त्याला समजलं."

त्यानंतर शीतलचं रडणं कमी होत गेलं. पुढं ती फोनवर हसायला लागली, केकवाल्याच्या गमती सांगायला लागली. एक दिवस बोलता बोलता म्हणाली, "बाबा, घरी पोचले की करते." घरी म्हणजे तिथल्या खोलीवर. काका म्हणाले, "बरं." फाटकावरची डबल बेल त्या दिवशी थोडी उशिरा वाजली.

यंदा जूनमध्ये शीतलनं गाडी घेतली. काकांनी गल्लीत पेढे वाटले. माझ्या हातावर दोन ठेवले. मी विचारलं, "काका, आता दुपारचा फोन?"

"चालकाशी बोलू नये," ते म्हणाले. "बसमधी पाटी वाचली न्हाई का कधी? रविवारी बोलत जाऊ की." आणि हसत हसत पुढच्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला काका नेहमीसारखे ओट्यावर येऊन बसले. मांडीवर वही, वहीवर फोन. एक वाजला. सव्वा झाला. फाटक वाजलं नाही. काकूंनी आतून दोन हाका मारल्या. दीडच्या पुढं ते उठून आत गेले. तिसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच. गल्लीत दुपारी इतकी शांतता मला सहन होईना. कधीकधी फोटोकॉपी काढता काढता माझाच कान फाटकाकडं लागायचा.

आधार कार्डाच्या झेरॉक्सला काकू आल्या तेव्हा मी विषय काढला.

"काय सांगू, सुधाकर," काकू म्हणाल्या, "ताट तसंच सारायलेत. म्हणत्यात भूक न्हाई."

"एवढी आठवण येते तर गाडी घेऊ नको म्हणायचं होतं."

"अरे, ती घ्यायलाच तयार न्हवती! म्हणली, गाडी घेतली की बाबांचा फोन बंद. यांनीच दोन दिस अबोला धरला तिच्याशी. तवा घेतली तिनं." काकूंनी पदरानं कपाळ पुसलं. "मी म्हणलं, का वो असं करता? तर म्हणले, मी मेल्यावर तिला बेल कोण देणार? आताच सवय होऊ दे."

मी मशीनकडं वळलो आणि एका कार्डाच्या चार प्रती काढल्या. काकूंना दोनच हव्या होत्या.

शीतलची कागदपत्रं माझ्याच दुकानातून गेलेली, त्यामुळं नंबर होता. संध्याकाळी मी मेसेज लिहिला. तीनदा खोडला. शेवटी एवढंच पाठवलं: 'काका दीड वाजला तरी जेवत नाहीत. तू पोचलीस की नाही ते कळत नसेल म्हणून असेल.' तिचं उत्तर आलं नाही. मला वाटलं, आपण उगीच नाक खुपसलं.

दुसऱ्या दिवशी एकला दहा कमी असताना काकांचा फोन वाजला. एकदाच. उचलायच्या आत बंद. काकांनी तो उलटासुलटा करून पाहिला. तेवढ्यात पुन्हा वाजला. एकदाच. पुन्हा बंद.

मिस कॉल. दोन मिस कॉल.

काका फोनकडं बघत बसले. तिसरी रिंग येते का, म्हणून मीही दुकानात कान देऊन उभा. आली नाही. यायची नव्हतीच. गाडी लावून झाली होती, कडी लागली होती, पोरगी उजेडात पोचली होती, आणि या वेळी बेल तिनं मारली होती.

काकांनी हळूच खिशातून किल्ली काढली आणि फाटकावर आपटली. टण टण. बऱ्याच दिवसांनी अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

"वाढ गं," ते म्हणाले. "पोचली."

मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. "काय बघायलास, सुधाकर? दारात गिऱ्हाईक उभं हाय. पुढं सरक."

माझ्या दुकानात गिऱ्हाईक एकही नव्हतं. पण काकांनी तोंड पलीकडं फिरवलेलं होतं आणि माझेही डोळे काही कोरडे नव्हते. म्हणून मी "हो काका" म्हणालो आणि पुढं सरकलो.