रुपयाएवढं भोक
आमच्या डोंबिवलीच्या घराच्या पुढच्या खिडकीला लढाईतल्या ब्लॅकआऊटचा काळा रंग अजून तसाच होता. लढाई संपली, इंग्रज गेले, रंग मात्र राहिला. (मालक म्हणतो, रंग भाडेकरूचा, मी म्हणतो, काच मालकाची.) पण अंगणातली जास्वंदीची फुलं रोज पहाटे नाहीशी व्हायला लागली आणि माझा संशय समोरच्या श्रीपादरावांवर गेला. माणूस रोज फार प्रेमानं नमस्कार करतो. उगाच कोण करतं?

खिडकी उघडली तर चोर सावध होणार. म्हणून रविवारी दुपारी, बायको उत्तरा झोपलेली बघून, मी दाढीच्या पात्यानं काचेवरचा रंग खरवडला. रुपयाएवढाच. डोळा लावणार तोच मागून उत्तराचा आवाज आला.

"काय खरवडताय?"

"रंग."

"एवढासाच?"

"सुरुवात आहे."

"बाजूला व्हा." तिनं भोकाला डोळा लावला. समोरच्या ओट्यावर श्रीपादरावांची मेहुणी प्रमोदिनी केस वाळवत बसली होती. "अस्सं! एवढी मोठी खिडकी, आणि सुरुवात नेमकी इथून!"

"अगं, मी फुलांसाठी..."

"दिसतायत ना फुलं. तिच्या पातळावर."

अब्रू वाचवायची तर आता सगळी खिडकी साफ करणं भाग होतं. रॉकेलात चिंधी भिजवून घासलं, रंग ढिम्म हलेना. पात्यानं खरवडला, तर रंगाबरोबर अंगठ्याचं कातडंही निघालं. संध्याकाळी काच लख्ख झाली आणि मी काळाकुट्ट. (उत्तराला हे फार योग्य वाटलं.)

दुसऱ्या दिवशी पहाटे मला अंथरुणातूनच चोर दिसला. उत्तरा कुंपणावरून ओंजळभर फुलं प्रमोदिनीला देत होती.

"रोजच देते," ती आत येऊन म्हणाली. "त्यांच्या गणपतीला लागतात. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

माझा संशय फिटला, तिचा नाही. तिनं माझं जुनं धोतर फाडून खिडकीला पडदा लावला. त्या धोतराला दिवाळीत फुलबाजीनं भोक पडलं होतं, ते नेमकं माझ्या डोळ्याच्या उंचीवर आलं.

आज सकाळी फुलं देऊन उत्तरा परत आली ती हातात सुईदोरा घेऊन.

"प्रमोदिनीनं दिलाय. म्हणाली, काकांना द्या."

मला चौतिसावं चालू आहे. भोक मी शिवून टाकलं. तो 'काका' मात्र अजून टोचतोय.