आधी तोंड बघू दे

सियागंजच्या बाजारात गूळ घ्यायला गेल्या की आक्का जगदाळे गुळाकडे बघायच्याच नाहीत. आधी शेटला बाहेर बोलवायच्या. शेट आत पोत्यांमागे, अंधारात गादीवर बसलेला असायचा. त्याला उठवून दुकानाच्या पायरीवर, उन्हात उभा करायच्या आणि मग म्हणायच्या, "हां, अब भाव बताओ."

"बाईसाब, गुड़ देखो ना! मेरा मुँह क्या देखती हो?"

"गुड़ थोड़ी झूठ बोलता है. बोलते तो तुम हो."

शेट कपाळाला हात लावायचा, पण भाव खरा सांगायचा. बड्या गणपतीजवळच्या आमच्या गल्लीत त्यामुळे वर्षाचा गूळ आक्काच आणत. बाकीच्या बायका गुळाचा खडा जिभेवर ठेवून बघायच्या. आक्का शेटला बघायच्या, आणि त्यांचाच गूळ चांगला निघायचा, ही गोष्ट माझ्या आईला कधी पटली नाही.

"आधी तोंड बघू दे" हे त्यांचं पालुपद. दाराबाहेरून कुणी हाक मारली तर ओ द्यायच्या नाहीत, आधी बाहेर येणार, बघणार, मग "काय रे?" आमच्या घरी रेडिओ आला तेव्हा अख्खी गल्ली ऐकायला जमली. आक्का आल्या, बातम्या संपेपर्यंत गप्प बसल्या आणि माझ्या वडिलांना, अण्णांना म्हणाल्या, "हा बोलतोय कोण? तोंड नाही, पत्ता नाही, आणि तुम्ही सगळे मान डोलवताय."

"अहो आक्का, दिल्लीच्या बातम्या आहेत त्या!"

"असतील. आकाशातून आलेल्या आवाजावर कंसानेही विश्वास ठेवला होता. क्या हुआ फिर उसका?"

अण्णांनी त्या दिवशी रेडिओ बंद केला तो रात्रीच्या गाण्यांपर्यंत लावला नाही.

आक्कांचे आजेसासरे होळकरांच्या रिसाल्यात होते. घोडे गेले, रिसाला गेला, जगदाळ्यांच्या वाट्याला दोन खोल्या आणि भिंतीवरची एक तलवार राहिली. आक्का तरुणपणीच विधवा झाल्या. मग सातवी पास होऊन मुलींच्या मराठी शाळेत लागल्या, आणि नोकरी करता करता मॅट्रिकही झाल्या. पुढे मध्य प्रदेश नावाचं नवं राज्य झालं, फायली भोपाळला गेल्या आणि तिकडून हुकूम आला: ट्रेनिंग करा, नाहीतर नोकरी सोडा. अशा रीतीने पंचेचाळिशीच्या आक्का जगदाळे आणि नुकतीच बी.ए. झालेली मी एकाच ट्रेनिंग कॉलेजात, एकाच बाकावर येऊन बसलो. वर्गात सर्वांत थोरल्या त्या आणि सर्वांत धाकटी मी. मला ह्या जोडीची थोडी लाजच वाटायची.

कॉलेजात एक विषय होता, शिकवण्याच्या नव्या साधनांचा. तो शिकवायचे तिवारी सर. त्यांच्याकडे फिल्मस्ट्रिपचा प्रोजेक्टर होता. लाकडी पेटीत, मखमलीत गुंडाळलेला. सर तो बाळंतिणीच्या खोलीतून बाळ आणावं तसा दोन्ही हातांवर आणत. आत दिवा, पुढे भिंग, मध्ये चित्रांची पट्टी. बाजूचा खटका फिरवला की भिंतीवर पुढचं चित्र. आम्ही सगळ्या जणी हात लावायला घाबरत होतो. आक्कांनी मात्र पहिल्याच दिवशी दिवा बदलून दाखवला. स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्या बाईला त्यात अवघड काय होतं?

अडचण यंत्राची नव्हती, अंधाराची होती.

आक्कांचा पहिला सरावपाठ होता 'नर्मदा'. मुली बसल्या, खिडक्या लागल्या. एक सोडून. ती आक्कांनी उघडीच ठेवली. भिंतीवर नर्मदा आली ती पाणी घातलेल्या ताकासारखी. अमरकंटक कुठलं आणि भडोच कुठलं, काही कळेना.

"जगदाळेजी, खिड़की बंद कीजिए!" तिवारी सर मागून ओरडले.

"सर, मग मुली दिसत नाहीत."

"मुली नहीं, चित्र दिखना चाहिए!"

"चित्र तर मी पाहिलंय ना, सर. मुलींना समजलं की नाही, हे कुठे बघू?"

दुसऱ्या पाठाला सरांनी स्वतः खिडक्या लावल्या. आता प्रोजेक्टर वर्गाच्या मागे असतो, आणि सरांचा नियम असा की यंत्राला हात फक्त शिक्षकाचा. म्हणजे शिक्षिकाही मागेच. आक्कांना समोर नुसत्या वेण्या दिसत होत्या. दोन चित्रं त्यांनी कशीबशी काढली. तिसऱ्याला राहवेना, तशा तरातरा पुढे निघाल्या, मुलींची तोंडं बघायला. त्या गेल्या सरळ उजेडाच्या झोतातून. भिंतीवर अमरकंटकाच्या डोंगरावर भलामोठा अंबाडा उगवला.

"आक्का, तुम्ही डोंगरावर चढलात!" एक मुलगी ओरडली आणि वर्ग हसून हसून लोळला. सरांनी शेरा दिला, 'अध्यापिका स्वयं चित्र में आ जाती हैं.'

मलाही हसू आवरेना. पण तिवारी सरांनी आम्हाला दोघींना थांबवून घेतलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की शेवटच्या पाठाला बाहेरचे परीक्षक येणार, उज्जैनचे, फार कडक. तिथे असं झालं तर नापास. आणि हुकुमाप्रमाणे नापास म्हणजे शाळा सुटली. सर मनाने वाईट नव्हते. आक्कांपेक्षा त्यांचाच आवाज जास्त पडला होता.

घरी येताना बड्या गणपतीपाशी आल्यावर आक्का एकदम म्हणाल्या, "शाळा सुटली तर देवासला जावं लागेल ग मला. दिरांकडे. पापड लाटायला."

"आक्का, असं काही होणार नाही."

"आणि तिथे बघायचं काय? दिराचं तोंड?"

त्या हसल्या, पण मला ते हसू आवडलं नाही. ह्या बाईला शाळेशिवाय कुणी नाही, हे मला तेव्हा नीट कळलं. म्हणून मी ठरवलं, आक्कांची अंधाराची सवय करून घ्यायची. त्यावर मला सुचलेला उपाय म्हणजे सिनेमा. आक्का जन्मात थिएटरात गेल्या नव्हत्या. मी त्यांना दुपारच्या खेळाला घेऊन गेले.

दिवे गेले. आक्कांनी माझा हात घट्ट धरला. पडद्यावर नट्या आल्या, गाणं सुरू झालं, आणि बघते तो आक्का खुर्चीवर उलट्या वळून, गुडघे टेकून मागे बघत बसलेल्या!

"आक्का, पडदा इकडे आहे!"

"अगं चूप. बघ तर खरं, सगळ्यांची तोंडं दिसतायत!"

मागच्या बायका भडकल्या. "ओ मौसी, सामने देखो ना! हमें क्या देख रही हो?" आक्का कुठल्या ऐकतायत! पडद्यावर नायिकेची सासू तिला घराबाहेर काढत होती, मागे अख्ख्या रांगा पदराने डोळे पुसत होत्या, आणि आक्का एकेकीकडे बघून मला खबर देत होत्या. "ती निळ्या लुगड्यातली जास्त रडतेय. तिचंही सासूशी जमत नसणार बघ." तीन तासांत त्यांनी पडद्याकडे एकदाही पाहिलं नाही. बाहेर आल्यावर मी चिडून म्हटलं, "तिकिटाचे पैसे वाया घालवले तुम्ही."

"वाया? फालतूमध्ये नको बोलू. अगं शालू, चित्राचाच उजेड तोंडावर पडतो! मागे नाही ग उभं राहायचं. पुढे, चित्राच्या बाजूला, भिंतीला टेकून राहायचं. बस, इतकंच होतं!"

"आणि मागे खटका कोण फिरवणार?"

"मुली फिरवतील. उसमें क्या है?"

"सरांचा नियम?"

त्यावर आक्का म्हणाल्या, "नियमाचंही तोंड बघू एकदा."

शेवटच्या पाठांचा दिवस उजाडला. परीक्षक खरोखरच कडक निघाले: काळा कोट, मागे खुर्ची, मांडीवर पाटी ठेवतात तसा कागदांचा गठ्ठा. आधी माझा पाठ झाला, 'ज्वालामुखी'. मी मागे उभी राहून, एकही चूक न करता, पुस्तकातलं सगळं घडाघडा बोलले. दिवे लागले तेव्हा पुढच्या बाकांवरच्या चार मुली झोपलेल्या होत्या. मला पत्ताच नव्हता.

मग आक्का. मुलींना त्यांनी आधीच पढवून ठेवलं होतं. प्रोजेक्टरशी पाळीपाळीने एकेक मुलगी बसणार, आणि आक्कांनी मान हलवली की खटका फिरवणार. खिडक्या लागल्या. आक्का चित्राच्या बाजूला भिंतीशी उभ्या राहिल्या, चित्राकडे पाठ करून. तिवारी सर माझ्या शेजारी होते. अंधारातही त्यांना घाम फुटलेला मला जाणवला. "गए," ते पुटपुटले.

सुरुवातीला घोटाळाच झाला. आक्कांना सवय अशी की मुलीने बरोबर उत्तर दिलं की शाबास म्हणून मान हलवायची. त्यांनी मान हलवली की मागे खटका फिरायचा. जबलपूर यायच्या आत होशंगाबाद आलं. "अगं थांब, थांब, नदीला जरा दम घेऊ दे!" मुली हसल्या, नर्मदा मागे आली, आणि पुन्हा नीट वाहू लागली. मी मुलींकडे पाहिलं. सगळ्यांची तोंडं भिंतीच्या उजेडात निळसर चमकत होती आणि आक्का एकेकीकडे बघत बोलत होत्या.

शेवटच्या चित्रात समुद्र आला. आक्का बोलता बोलता थांबल्या.

"उषा, तुझं काहीतरी अडलंय. काय ते विचार."

मागच्या बाकावरची एक किरकोळ मुलगी उठली. वर्षभरात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. "आक्का, नदी समुद्रात गेल्यावर... तिचं पाणी कोणतं, हे मग ओळखता येतं का?"

त्याच वेळी मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. परीक्षक उठले, भिंतीच्या कडेकडेने, झोतात न येता पुढे आले आणि आक्कांच्या शेजारी उभे राहून मुलींकडे बघू लागले. पाठ संपेपर्यंत तिथून हलले नाहीत.

दिवे लागल्यावर त्यांनी विचारलं, "मशीन आपने ख़ुद क्यों नहीं चलाई?"

"साहब, मशीन तो बच्चियाँ चला लेंगी," आक्का म्हणाल्या. "बच्चियों को कौन देखेगा?"

आक्का पास झाल्या. पुढच्या वर्षी तिवारी सर आपल्या नव्या वर्गाला शिकवत होते की प्रोजेक्टर चालू असताना अध्यापिकेने कुठे उभं राहावं. ते जणू त्यांनाच सुचलं होतं. आक्का परत आपल्या शाळेत गेल्या आणि मी राजेंद्र नगरच्या एका घरात दिली गेले.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे नमस्काराला गेले. आक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि उगीच भिंतीवरच्या तलवारीकडे बघत राहिल्या. त्या भिंतीवर तलवारीखेरीज काही नव्हतं. विधवेच्या घरात हार घातलेला एक फोटो असतोच, तो तिथे नव्हता, आणि इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"ऐक शालू. उद्या अंतरपाट खाली आला ना, की मान वर करायची. सीधी. आणि नवऱ्याचं तोंड नीट बघून घ्यायचं. लाजायचं नाही."

"काय हो आक्का!" मी हसले. "पुढे जन्मभर तेच तर बघायचं आहे!"

"मीही हेच सोचलं होतं," त्या म्हणाल्या. "सोळाची होते. ह्यांना पलटणीतून जेमतेम सुट्टी मिळाली होती. घर माणसांनी भरलेलं, सासूबाई समोर, मान वर करायची सोय नाही. अंतरपाट निघाला तेव्हा मी पाय बघितले ह्यांचे. म्हटलं, बघू की आरामात, सगळी जिंदगी पडली आहे. मग ते पलटणीबरोबर गेले, आणि तार आली. पाय आठवतात ग. डाव्या अंगठ्याला ठेच लागली होती, तिच्यात हळद भरली होती. पण तोंड नाही आठवत. फोटो तर काढलाच नव्हता कुणी."

मला रडू कोसळलं. आक्कांनी माझी हनुवटी धरून तोंड वर केलं, नेहमीसारखं निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "रडू नको. डोळे सुजतील, मग उद्या दिसणार काय तुला?"

लग्नात त्या पुढे आल्या नाहीत. मागे, भिंतीशी, एका स्टुलावर उभ्या राहिल्या. मंगलाष्टकं संपली, बाजा वाजला, अंतरपाट खाली आला. मी मान वर केली. सीधी. समोरचा माणूस इतका गडबडला की तोच लाजून खाली बघायला लागला, आणि त्यामुळे मला त्याला सावकाश बघता आलं. कान जरा मोठे होते. कपाळावर घाम होता. तोंड भलं होतं.

मग त्याच्या खांद्यावरून मला मागे आक्का दिसल्या. लोक अक्षता टाकून पंगतीकडे वळायलाही लागले होते. त्या तशाच स्टुलावर उभ्या होत्या, अक्षतांची मूठ मिटलेली, माझ्याकडे बघत.

मी मान हलवली.

तेव्हा कुठे त्यांनी मूठ उघडली.