पुढचे पाटे आणि तांब्याभर पाणी

शेषेरावकाकांच्या पिकअपमध्ये बसायचं असेल तर आधी वजन सांगावं लागतं. नाव, गाव, काम हे ते नंतर विचारतात. कधी कधी विचारतच नाहीत. जळकोटच्या फाट्यावर माणसं एसटीची वाट बघत उभी असतात. तिथं गाडी थांबते, काका खिडकीतून मान बाहेर काढतात आणि सोयरीक बघायला आल्यासारखं एकेकाला खालून वर न्याहाळतात. "तुम्ही या गा. किती भरता?" जाडजूड माणूस दिसला की त्यांचा चेहरा उजळतो. त्याला मानानं पुढच्या डाव्या सीटवर बसवतात. त्याची पिशवी मागे टाकू देत नाहीत, मांडीवरच ठेवायला लावतात, कारण पिशवीलाही वजन असतं. मी काडीपैलवान. मला त्या सीटवर बसवलंच तर मांडीवर सोयाबीन बियाण्याची बॅग देऊन बसवतात आणि म्हणतात, "आता कसा माणूस झालास."

गाडी सुटण्याआधी आणखी एक विधी असतो. डॅशबोर्डवर जुन्या लुगड्याची चुंबळ, चुंबळीवर पितळी तांब्या, तांब्यात काठापासून बोटभर खाली पाणी. हे पाणी प्यायचं नाही. उन्हानं जीव चालला तरी त्याला हात लावायचा नाही. काकांचा एक डोळा रस्त्यावर आणि एक तांब्यावर. पाणी सांडून चुंबळ भिजली की ते गाडी कडेला घेतात, उतरून पुढच्या चाकामागे वाकतात आणि पाट्यांना झापतात. पाटे म्हणजे चाकांवर गाडी तोलून धरणाऱ्या पोलादी कमानी, एकीखाली एक रचलेल्या. "काय रे, उपाशी होतास का आज?" असं काका पाट्याला विचारतात. पुढच्या सीटवरचा जाड माणूस तोवर एसटी गाठायची म्हणून उतरून गेलेला असतो.

मी काकांचा शेजारी. आमच्या घराची भिंत त्यांच्या घराला लागून आहे. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की कोयते, भांडी, गोधड्या, शेळी आणि आम्ही भावंडं असं सगळं एका ट्रकच्या हौद्यात भरलं जायचं. हादरे म्हणजे काय ते मी पुस्तकात वाचलेलं नाही. टोळी जिथं उतरेल तिथली शाळा आमची, आणि बहुतेक ठिकाणी शाळा नसायचीच. त्या घरातून मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालो. आमच्यात कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि हे मी लाजत सांगत नाही. आता उदगीरला तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे वर्गात असतो तेवढा वेळ प्राध्यापक, आणि वर्गाबाहेर शेषेरावकाकांचा 'बीएस्सी'. एम.एस्सी. झालो ती बातमी मी पेढे घेऊन त्यांना सांगायला गेलो होतो. पेढा तोंडात टाकून ते म्हणाले, "म्हंजे अजून एक पाटा वाढला म्हण की."

आता हा तांब्या कशासाठी, ते सांगतो. काकांच्या घरी चंद्रकलाकाकू आहेत आणि काकूंच्या मणक्यात गॅप आहे. आमच्या मराठवाड्यात चाळिशीनंतर कुणालाही कंबरेचं विचारा, तो गॅपच सांगतो. पण काकूंचा गॅप खरा आहे, लातूरच्या डॉक्टरांनी फोटोत बोट ठेवून दाखवलेला. हादरा बसता कामा नये, असं डॉक्टर म्हणाले. जळकोट तालुक्यात ही अट पाळायची तर घरातच बसावं लागतं, आणि काकू घरातच बसल्या. त्यांचं माहेर कंधारचं. तिथं त्यांची म्हातारी आई. तिचे डोळे गेल्यातच जमा आहेत, आणि ती फोनवर रोज एकच विचारते, "चंद्रे, कधी येतीस?" काकू म्हणतात, "ह्या रस्त्यानं आले तर पोत्यात भरून आणावं लागंल मला, आई." आणि हसतात. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ चुलीपुढून उठत नाहीत.

एकदा लातूरहून भाड्याची मऊ मोटार आणली होती. रस्त्यावरच्या पहिल्या मोरीच्या हादऱ्यालाच काकू उतरून चालत परत आल्या. तेव्हापासून काकांनी गावात जाहीर करून टाकलं की आपली पिकअप अशी मऊ करणार की तांब्यातला थेंब हलणार नाही, आणि मग हिला पुढच्या सीटवर बसवून कंधारला नेणार. काकूंनीही भिंतीपलीकडून जाहीर केलं की त्या डबड्यात त्या मेल्या तरी बसणार नाहीत. गावाला करमणूक झाली. म्हातारी तिकडं थकत चालली होती, ते मात्र दोघांनाच कळत होतं.

रस्त्याबद्दल फार बोलत नाही, त्याचा मान आहे. आमचा रस्ता दर निवडणुकीला मंजूर होतो. नारळ फुटतो, फोटो निघतात, बोर्ड लागतो. बोर्डाचा पाया रस्त्यापेक्षा खोल असतो आणि वादळातही हलत नाही. काका म्हणायचे, ह्या बोर्डांवरनं गाडी नेता आली असती तर पाट्यांची गरजच पडली नसती.

रस्ता आपल्या हातात नाही म्हटल्यावर काकांनी गाडी हातात घेतली. त्यासाठी ते नांदेडला जात. तिथं त्यांचे एक ठरलेले गॅरेजवाले उस्ताद होते. उस्तादांकडं सगळ्या दुखण्यांवर एकच औषध. गाडी आदळते, वाजते, एका अंगाला ओढते, काहीही सांगा, ते पान थुंकून म्हणणार, "काका, एक पाटा डालते. गाडी पहाड हो जाती." आणि आमच्याकडं गाडी पहाड झाली की मालकाची छाती फुगते. आमच्या भागात अशक्तपणावर उपाय म्हणजे लोखंड, मग तो अशक्तपणा गाडीचा असो की माणसाचा. दर खेपेला एक पाटा वाढला. गाडीचं नाक हळूहळू वर गेलं. दिव्यांचा उजेड रस्ता सोडून लिंबाच्या शेंड्यांवर पडायला लागला. गाडी इतकी कडक झाली की चाकाखाली रुपया आला तर छापा का काटा ते सीटवर कळायचं.

तांब्या अर्थातच रिकामा व्हायचा. मग काकांना शोध लागला की भरलेली गाडी मऊ चालते. तिथून हे वजनदार माणसांचं प्रकरण सुरू झालं. माणूस बसला की पाच-दहा मिनिटांनी त्याची उलटतपासणी व्हायची. "कुठं लागलं? मानंला, का माकडहाडाला? खरं सांगा." एका धिप्पाड हेडमास्तरांनी सवयीनं "उत्तम गाडी आहे" असा शेरा मारला. काकांनी त्यांना पुन्हा कधी बसवलं नाही. खोटं बोलणारा माणूस टेस्टिंगला उपयोगाचा नाही, असं त्यांचं म्हणणं.

घरी एरंडेलाची बाटली होती, काकूंच्या कंबरेला चोळायला आणलेली. सकाळी काका आधी ती पाट्यांवर ओतत, करकर थांबावी म्हणून, आणि उरलेलं घरात नेत. काकू भांडायच्या. आधी मला चोळा, ते लोखंड हाय, त्याला काय कळतं, असं त्यांचं म्हणणं. काका म्हणायचे, "त्याला कळलं तर तुला कळणार न्हाई."

शेवटी मी तोंड उघडलं. मी शिकलो ते कुणाच्या तरी कामी यावं असं मला फार वाटतं. वर्गात तसं होतंय याची खात्री नसते. मी काकांना अंगणात बसवलं. एक पट्टी घेतली आणि वाकवून दाखवली. मग चार पट्ट्या एकत्र धरल्या आणि म्हणालो, आता वाकवा. वाकेनात. पाटा वाकतो म्हणून हादरा पोटात घेतो, तुम्ही त्याचं वाकणंच बंद केलंय, वाढवलेले पाटे काढून टाका. काकांनी माझ्याकडं असं बघितलं जसं मी त्यांना मिशी काढायला सांगितली.

"लोकं पाटे घालतेत, मी काढू? गाव म्हणंल, शेषेराव खचला."

मग विका ही गाडी, मी चिडून म्हणालो. मुलगा पुण्यात आहे, तो नवी घेऊन देईल, काकूंना आरामात न्या.

काका पट्ट्या हातात घेऊन बसले होते. त्यातली एक वाकवत, सोडत, पुन्हा वाकवत ते म्हणाले, "ती मोडली ह्याच गाडीत. जाईल बी ह्याच गाडीत."

गल्लीला हे माहीत होतं, पण कुणी काढत नसे. कंधारहूनच परत येताना, एसटीला मागं टाकायच्या नादात, काकांनी गाडी खड्ड्यात घातली होती. काकू त्या डाव्या सीटवर होत्या, मांडीवर माहेरच्या सीताफळांची पाटी. सीताफळं सगळी शाबूत राहिली. काकू त्या दिवसानंतर नीट वाकल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी काकांनीच मला हाक मारली आणि आम्ही पाटे काढायला नांदेडला गेलो. उस्तादांना काम सांगितलं तर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "डालने का बोलो काका. निकालने का कौन बोलता?" काकांनी माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाले, "ह्यो बोलतो. एम.एस्सी. हाय." नेट पास झाल्याचं पत्र आलं तेव्हाही मी इतका ताठ उभा राहिलो नव्हतो. वाढवलेले पाटे उतरले. पाट्यांच्या टोकांचे रबरी बुश वाळल्या खारकांसारखे झाले होते, ते नवे घातले. शॉकअप तर केव्हाच मेले होते, नुसते शोभेला लटकत होते, तेही बदलले. पुढच्या चाकांची हवा थोडी उतरवली. गाडीचं नाक खाली आलं. परतताना फाट्यावरच्या लोकांनी विचारलं, काका, गाडी आजारी हाय का? काकांनी कुणालाही वजन न विचारता गाडी पुढं काढली. काढलेल्या पाट्यांचे लोहारानं विळे करून दिले. काकूंनी ते आळीत वाटले आणि प्रत्येकीला सांगितलं की ह्या डबड्याचा पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग झाला.

त्यानंतर एका सकाळी काकू ठेवणीतलं लुगडं नेसून, पिशवी घेऊन अंगणात आल्या. काका चाकाशी वाकलेले होते. काकूंनी फाट्यावरच्या जीपवाल्याला विचारावं तसं विचारलं, "कंधारला सोडता का? आईला बघायचंय." काका हातातली एरंडेलाची बाटली घेऊन आधी घरात गेले, मग घाईनं परत आले आणि सीट पुसायला लागले.

मला मागं हौद्यात बसवलं, चार पोत्यांसोबत, वजन म्हणून. केबिनच्या मागच्या काचेतून मला आतलं सगळं दिसत होतं. डॅशबोर्डवर चुंबळ, चुंबळीवर तांब्या, बोटभर रिकामा. गाडी अशी निघाली की आम्हाला सायकली ओलांडून गेल्या. एका शेळीनंही ओलांडलं. मागून एसटी आली, हॉर्न वाजवायला लागली. काकांनी गाडी पार कडेला घेतली आणि तिला जाऊ दिलं. ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, "काका, धक्का देऊ का?" काकांनी हात जोडले. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एसटीला पुढं जाऊ दिलं नव्हतं, त्यानं. प्रत्येक मोरीपाशी ते उतरून खड्डा पायानं चाचपून येत. कुठल्या बाजूनं जायचं ते ठरवून पुन्हा बसत. तांब्यातलं पाणी नुसतं थरथरत होतं.

कंधार जवळ आलं आणि माणूस निर्धास्त होतो तसे काका झाले असावेत. एका डबक्यात खड्डा दडलेला होता. पुढचं डावं चाक धाडकन आत गेलं. मी पोत्यावरून घसरलो. काचेतून बघतो तर तांब्यातलं निम्मं पाणी बाहेर, चुंबळ चिंब, आणि काकूंनी दोन्ही हातांनी सीट धरलेली, डोळे मिटलेले. तोंडातून हूं नाही की चूं नाही. काकांनी गाडी थांबवली. काकूंकडं बघायची त्यांची हिंमत झाली नाही. सरळ दार उघडून उतरले आणि चाकामागं जाऊन वाकले. या वेळी पाट्याला काहीच बोलले नाहीत. नुसते वाकून राहिले.

काकूंनी डोळे उघडले. पिशवीतून पाण्याची बाटली काढली, तांब्यात ओतली. चुंबळ खिडकीबाहेर पिळली, झटकली, पुन्हा तांब्याखाली सरकवली. डॅशबोर्ड पदरानं पुसला. मग मागं वळताना काचेत मी दिसलो. पदर नीट करून त्या समोर बघायला लागल्या.

काका येऊन बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली आणि तांब्याकडं बघितलं. सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं बोटभर कमी भरला होता. आता तो काठोकाठ भरलेला होता. त्यांनी पाणी बघितलं. ओली चुंबळ बघितली.

"सांडलं न्हाई," काकू म्हणाल्या.

काकांनी गाडी सुरू केली आणि म्हणाले, "न्हाई सांडलं."

तिथून पुढं गाडी आणखी हळू चालली. कंधारला दारात गाडी थांबली तेव्हा काकू कुणाचा हात न धरता उतरल्या, क्षणभर दाराला टेकून उभ्या राहिल्या आणि आत गेल्या. आतून म्हातारीचा आवाज आला, कुणी आणलं गं तुला? "ह्यांनी," काकू म्हणाल्या. "आपल्या गाडीनं."

काका आत गेले नाहीत. त्यांनी डॅशबोर्डवरचा तांब्या उचलला, पुढच्या चाकाला पाठ लावून बसले आणि ते पाणी एका दमात पिऊन टाकलं.

चंद्रकलाकाकू त्या दिवशी त्याच गाडीतून, त्याच सीटवर बसून माहेरी पोचल्या.