दानेश्वरीच्या गोळ्या

शिवपुत्र संडासातून बाहेर आला तो भिंतीला धरूनच.

"अव्वा, माझं काय खरं न्हाय," तो आईला म्हणाला. "सगळं काळं पडायलंय. डांबरावानी."

शिरोलीच्या फौंड्रीत त्याच्याशेजारी काम करणाऱ्या जोतीरामचा चुलता असाच गेला होता. पोटात रक्त झालं होतं म्हणे. शिवपुत्रनं आठवडाभर हे मनातच ठेवलं, आणि आता बोलून दाखवल्यावर कसबा बावड्यातलं ते दोन खोल्यांचं घर हादरलं. बायको दानेश्वरी सहा महिन्यांची गरोदर. ती रडायला लागली, पण दम लागून मध्येच थांबली. हल्ली तिला रडायलाही ताकद पुरत नव्हती.

"मी गेल्यावर पोराचं नाव शिवांश ठेव," शिवपुत्र म्हणाला. "आनि गाडी इकू नगोस."

आई रत्नव्वा मात्र गप्प होती. एवढी गप्प ती नवरा गेला तेव्हाही नव्हती.

दवाखान्यात रक्ततपासणी झाली, सोनोग्राफी झाली, शिवपुत्रनं दुर्बिणीची नळीसुद्धा गिळली. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "पोट ठणठणीत आहे. हिमोग्लोबिन सोळा! लोहाच्या गोळ्या खाता काय? त्यानं काळं होतं."

"मी कशाला खाऊ? त्या तर बायकोला देत्यात."

घरी आशाताई शबनूर येऊन बसली होती. गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या घरपोच देणं हे तिचं काम. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "दानेश्वरी, गोळ्या खातीस न्हवं? मी तर दर म्हैन्याला आजींच्या हातात देतोय."

"आत्ती म्हनाल्या, सरकारनं बंद केल्यात."

सगळ्यांनी रत्नव्वाकडे बघितलं.

"त्या गोळीनं पोरगं काळं जन्मतंय," रत्नव्वा म्हणाली. "पर सरकारी औषध टाकायचं कसं? कुटून घातल्या कारळ्याच्या चटणीत. ह्यो भट्टीम्होरं राबतोय, ह्येला तरी ताकद येऊ दे म्हटलं."

"अव्वा! मी मराय लागलतो!"

"मरणारा मानूस चटणी मागून खातोय व्हय?"

शबनूरनं कपाळाला हात लावला. मग दानेश्वरीची पापणी खाली ओढून बघितली. आत लाली औषधालाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेसात. गोळ्यांची वाट बघायला आता वेळ नाही, लोह सलाइनमधूनच चढवू, असं डॉक्टरांनी ठरवलं. कोऱ्या चहाच्या रंगाची बाटली खाटेवर लटकली. दानेश्वरी डोळे मिटून पडली होती. रत्नव्वा थेंबाथेंबाकडे धास्तावून बघत होती.

"सिस्टर, ह्यानं पोरगं काळं हुनार न्हाय न्हवं?"

सिस्टर सकाळपासून वैतागलेली. तिनं बाकावर घोरत पडलेल्या शिवपुत्रकडे बोट केलं. बिडाच्या तव्यासारखा काळाकुळकुळीत.

"ह्यांच्या येळंला तुम्ही किती गोळ्या खाल्लेल्या, आजी?"

"एक बी न्हाय."

"मग?"

रत्नव्वानं मुलाच्या उघड्या तोंडावरची माशी हाकलली.

"त्यो बापावर गेलाय," ती म्हणाली.