सोयाबीनच्या तालुक्यातलं चॉकलेट

मुलांनो, क्षणभर कल्पना करा. तुम्ही चौथीत आहात, अकोल्याच्या एका शाळेत. आज कुणाचा तरी वाढदिवस आहे. चॉकलेटचा डबा बाकाबाकांवरून फिरत तुमच्यापर्यंत येतो. तुम्ही एक उचलता आणि न खाता दप्तरात टाकता. उद्याही तेच, परवाही तेच. जमलं? मग तुम्हाला अवनी कळली.

अवनीला गव्हानं पोटात कळा येत आणि सोयाबीननं ओठ सुजत. एकदा तर श्वास अडकून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. चॉकलेटात सोयाबीन कुठून आलं, असं तुम्ही विचाराल. पाकिटामागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत ते लिहिलेलं असतं. आपण फक्त पुढचं चित्र बघतो.

यंदा आपल्या वाढदिवशी सगळ्या वर्गाबरोबर एक चॉकलेट खायचं, एवढीच अवनीची इच्छा होती. तिचे बाबा उद्धव वकील अकोल्यातली दुकानं पालथी घालून अमरावतीला गेले. तिथल्या दुकानदारानं सोयाबीन नसलेलं म्हणून आधी अंडं नसलेलं दाखवलं, मग साखर नसलेलं, आणि शेवटी दमून बसायला खुर्ची दिली. पुढच्या दुकानात मात्र हवं ते मिळालं.

वाढदिवसाच्या सकाळी डबा मुख्याध्यापिका साधनाबाईंच्या टेबलावर पोचला. खाऊ विशेष प्रकारचा असल्यामुळे विषय शाळेच्या समितीपुढे गेला.

"यात सोयाबीन नाही कशावरून?" बाईंनी विचारलं.

"मागे लिहिलंय ना."

"मागे जे आहे ते लिहितात, वकीलसाहेब. जे नाही, त्याचा पुरावा?"

असा प्रश्न वकिलांना कोर्टातही कुणी विचारला नव्हता.

संस्थेचे अध्यक्ष पंजाबराव यांचं बाळापूरकडे रान होतं आणि त्यात सोयाबीन होतं. ते गंभीर झाले. "अख्खा तालुका सोयाबीनवर जगून राहिला. उद्या लोकं म्हनतीन, पंजाबरावच्या शाळेतच सोयाबीनले बंदी. मंग मी बाजारात कोन्या तोंडानं जाऊ?"

"पण पोरीले त्रास होते हो, भाऊ," वकील म्हणाले.

"आमाले तं नाही होत."

हा युक्तिवाद बिनतोड ठरला. सखोल चर्चेनंतर ठराव झाला : सोयाबीनविषयी समाजात गैरसमज पसरू नये म्हणून अवनीनं आधी सर्वांसमक्ष एक नेहमीचं चॉकलेट खावं, त्यानंतर तिचा डबा वाटण्यास हरकत नाही. एकानं काही होत नाही, असंही समितीनं एकमतानं नोंदवलं.

ठराव झाला की नाश्ता येतो. त्या दिवशी संकष्टी होती. शिपाई श्यामनं आणलेल्या बशीत एकीकडे समोसे होते, दुसरीकडे साबुदाणा वडे. साधनाबाईंनी वडा उचलला आणि लगेच खाली ठेवला.

"श्याम, हा समोशाला लागला का रे?"

"कडेले जरासा, बाई."

"तेल तेच होतं?"

"नाही बाई, कढई अलग होती."

"आणि झारा?"

झाऱ्याबद्दल श्यामला खात्रीनं सांगता येईना. बशी परत गेली.

"बरोबर हाय," पंजाबराव म्हणाले. "लागलं म्हंजे लागलं. उपासाच्या बाबतीत हयगय नाही पाहिजे."

कोपऱ्यातल्या स्टुलावरून अवनी हे सगळं बघत होती.

मग पंजाबरावांनी एक नेहमीचं चॉकलेट सोललं आणि तिच्या तोंडापाशी नेलं. फोटोसाठी मोबाइल वर झाले. वकील खुर्चीतून उठले. पण अवनीनं त्यांच्याआधी हात जोडले.

"काका, मले उपास आहे."

पंजाबरावांचा हात होता तिथंच थांबला. "तूबी चतुर्थी धरली काय वं?"

"चतुर्थी नाही. गव्हाचा न् सोयाबीनचा. जन्मभराचा."

पंजाबरावांनी चॉकलेट खिशात घातलं, हात रुमालाला पुसले आणि बारीक आवाजात म्हणाले, "एवढीशी पोरगी, न् आपन तिचा उपास मोडून राहिलो होतो."

साधनाबाई उठल्या, हात धुऊन आल्या. "मग तुला चालतं काय, बाळा?"

अवनीनं टेबलावरच्या डब्याकडे बोट दाखवलं.

डबा लगेच उघडला गेला. ठराव कुणालाच आठवला नाही. डॉक्टरांचा कागद वकिलांच्या बॅगेत घडी करून ठेवलेला होता. तो कुणी मागितला नाही. ही गोष्ट तुम्हाला कुणी मोठं माणूस वाचून दाखवत असेल, तर त्यांना जरा विचारा, त्यांनी तरी मागितला असता का.

अवनी डबा घेऊन वर्गाकडे निघाली. पंजाबरावांनी मागून हाक मारली, "पोरी, परसाद इकडंबी देऊन जा." डाव्या हातावर उजवा हात ठेवून ते उभेच राहिले होते. अवनी दारातून परत आली. तिनं एक चॉकलेट काढलं, उलटं करून मागची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचली आणि मान वर करून विचारलं,

"काका, यात सोयाबीन नाही. तुमाले चालन का?"

आणि उत्तराची वाट न बघता ते त्यांच्या तळहातावर ठेवून ती वर्गाकडे पळाली.