वसुलीच्या पाहुण्याला पोहे

"डावीकडे बघा. उजवीकडे बघा. आता डोळे मिचकवा," असं मोबाइलनं सांगितलं, आणि पडेगावातल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात, न्हाणीचं दार अर्धवट लोटून उभ्या असलेल्या बद्रीनाथनं ते सगळं आज्ञाधारकपणे केलं. नेमकी त्याच वेळी त्याची बायको सरू बादली न्यायला आली.

"कुणाला डोळे मारता व्हय?"

"कचरा गेला डोळ्यात."

"अन् फोन कशापायी धरलाय?"

"उजेडाला."

सरू बादली घेऊन गेली. परक्या बाईला डोळा मारण्याइतकी उमेद या माणसात असती तर त्यानं आधी न्हाणीचा नळ दुरुस्त केला असता, हे तिला ठाऊक होतं. इकडे मोबाइलवर रंगीत कागदांचा पाऊस पडला. 'अभिनंदन बद्रीनाथ! तुमचं कर्ज मंजूर झालं आहे.' बद्रीनाथच्या अंगावर रोमांच उभे राहिले. बारावी पास झाला तेव्हाही त्याचं इतकं मनापासून कुणी अभिनंदन केलं नव्हतं.

हे पाचवं अ‍ॅप. पहिलं त्यानं धाकट्या भावापायी घेतलं होतं. फकिराचं लग्न जमत नव्हतं, आणि वधू-वर मेळाव्याची फी भरायची, सूट भाड्यानं आणून फोटो काढायचे, तर महिनाअखेरीला खिशात बसभाडंही नव्हतं. अ‍ॅपवर तीन हजार मागितले. हातात चोवीसशे पडले आणि आठवड्यानं साडेतीन हजारांची मागणी आली. ते भागवायला दुसरं अ‍ॅप, दुसऱ्याचं भागवायला तिसरं. वाळूजच्या कंपनीत स्टोअर सांभाळणारा बद्रीनाथ एका कप्प्यातला माल दुसऱ्या कप्प्यात ठेवण्यात आधीच तरबेज होता. फक्त इथं प्रत्येक वेळी माल कमी होत होता आणि कप्पे वाढत होते.

"मियाँ, ये कर्जा नहीं, ये तू गोल-गोल घूम रहा है," स्टोअरशेजारच्या मशीनवरचा गयास कॅन्टीनमध्ये म्हणाला. बद्रीनाथनं हे सांगितलेला तो जगातला एकमेव माणूस. "छठा अ‍ॅप डाला तो मोबाइल नाले में फेंक दूँगा. घर में बोल. घरवालों से एकदम पैसा उठा, पाँचों का मुँह बंद कर, और हर महीने घर को लौटा."

"घरी सांगू? येडा झाला का? घरावर कर्ज हाय म्हणून कळलं तर फकिराला पोरगी कोण देईल?"

हे गयासलाही पटलं. कारण फकिराची दोन स्थळं घराच्या खरेपणानंच मोडली होती. पोरीकडच्यांनी गुपचूप फोन करून चौकशी केली आणि कारभारीकाकांनी, स्वभावच तसा म्हणून, जे होतं ते सांगून टाकलं. तेव्हापासून देवगाव रंगारीच्या आवडाबाई आत्यानं साऱ्या भावकीला हुकूम दिला होता: "कुणाचाबी फोन येऊ द्या, चांगलंच सांगायचं. अन् कारभारीच्या हातात फोन द्यायचा नाय."

बद्रीनाथनं अ‍ॅप घेताना आणखी एक गोष्ट केली होती. 'तुमच्या फोनमधली सगळी नावं आम्ही बघू का?' असं प्रत्येक अ‍ॅपनं विचारलं, आणि त्यानं प्रत्येकाला हो म्हटलं. कुणी इतक्या अदबीनं विचारल्यावर नाही म्हणायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती.

पाचही अ‍ॅपांची वसुली एकाच ऑफिसकडं होती आणि तिथं एकच म्याडम पाच कंपन्यांची नावं सांगून फोन करायची. बद्रीनाथ फोन उचलेना, तेव्हा तिनं त्याच्या नातेवाइकांची यादी काढली. नातेवाइकांना फोन गेले की लाजेनं माणूस पैसे भरतो, असा त्या धंद्याचा अनुभव. पहिलाच नंबर लागला आवडाबाईचा.

"तुम्ही बद्रीनाथला ओळखता का?"

"माझ्या मांडीवर वाढलाय. का हो?"

"जरा चौकशी करायची होती. माणूस व्यवहाराला कसा आहे?"

आवडाबाई बाजेवरून उठून उभी राहिली. बाईचा आवाज, चौकशी, आणि तीही थेट व्यवहाराची! ही नक्की फकिराला आलेल्या पोरीची मावशी, थोरल्या भावावरून घर तपासतेय. तिनं हातानंच घरच्यांना टीव्ही बंद करायला लावला.

"सोन्यासारखा हाय."

"पगार किती?"

"पन्नास हजार. वरचे येगळे."

"शेती?"

"बारा एकर बागायत. दोन हिरी. उन्हाळ्यातबी मोटार बंद पडत नाय."

"आणि कर्ज वगैरे?"

"कर्ज?" आवडाबाईला हसू आवरेना. "अवो, बँकवाले दारात येऊन बसतेत, पैसे घ्या म्हणून. आमी च्या पाजून वाटंला लावतो."

म्याडमनं समोरची यादी पुन्हा बघितली. वसुलीत असं उत्तर तिनं ऐकलं नव्हतं. खात्री करायला तिनं पुढचे नंबर लावले. भावकीत चुरस लागली. चुलतमामानं बाराचे पंधरा एकर केले, एका मेहुण्यानं दाराशी दोन ट्रॅक्टर उभे केले, आणि शेवटच्यानं तर पेट्रोल पंपाचा अर्ज मंजूर झाल्याची बातमीही फोडली.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथच्या फोनवर म्याडमचा आवाज नेहमीपेक्षा दुप्पट चढला होता. "पंधरा एकर बागायत, दोन ट्रॅक्टर, आणि आमचे पैसे देववत नाहीत तुम्हाला?"

"कुणाचे ट्रॅक्टर?"

"तुमचे!"

क्षणभर बद्रीनाथला फार आनंद झाला. मग तो गळून गेला. तेवढ्यात आवडाबाईचा फोन आला.

"बदरी, आपल्या फकिराला स्थळ आलं रे! पोरीची मावशीच बोलली. लई कसून चौकशी केली. बोलण्यावरनं घराणं टणक दिसतंय!"

बद्रीनाथला सगळं उमगलं. खरं सांगायला त्यानं तोंड उघडलं. पण मागच्या खोलीत फकिरा शिट्टी वाजवत शर्टाला इस्त्री करत होता. त्याची शिट्टी घरात किती दिवसांनी ऐकू येत होती! बद्रीनाथनं तोंड मिटलं.

तिथंच फसलं. संध्याकाळी म्याडमनं ठणकावलं, "रविवारी आमचा माणूस तुमच्या घरी येईल!"

"घरी?" बद्रीनाथ ओरडला.

"कोण यायलंय घरी?" स्वयंपाकघरातून सरूनं विचारलं.

"पाहुणे," बद्रीनाथच्या तोंडून निघून गेलं.

रविवारी पडेगावच्या त्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. देवगावहून जीप भरून माणसं आली होती. कारभारीकाकांना मळ्यात राखणीला ठेवलं होतं. शेजाऱ्याचा सोफा आणला होता, त्याच्यावर शेजाऱ्याचं म्हातारं कुत्रंही आलं होतं, ते हलेना म्हणून त्याच्यावर चादर टाकली होती. फकिरानं गुलमंडीच्या बाजारातून आणलेला शर्ट घातला होता आणि तो दर थोड्या वेळानं सरूला विचारत होता, "वैनी, भांग बरोबर हाय का?" बद्रीनाथनं गयासला आधारासाठी बोलावलं होतं. गयास कोपऱ्यात उभा राहून कपाळाचा घाम पुसत होता.

मोटारसायकलवरून आला तो कय्युम. वसुलीचा जुना माणूस. दारात उभं राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात नाव घेऊन ओरडायचं, ही त्याची पद्धत. त्यानं घसा साफ केला. छाती भरून श्वास घेतला. आणि तेवढ्यात त्याच्या हातात पाण्याचा तांब्या आला.

"पाय धुवा. उन्हाचं आलात," आवडाबाई म्हणाली. "मध्यस्थ का तुमी?"

"मध्यस्थ… म्हणजे तसंच. मैं बद्रीनाथ से—"

"भेटा की. आधी टेका."

कय्युमवर आजवर कुत्री सोडली गेली होती, एका बाईनं कढत पाणी फेकलं होतं. आज त्याच्या कपाळाला गंध लागलं, खांद्यावर टॉवेल आला, डोक्यावर टोपी चढली आणि हातात नारळ पडला. पोह्यांची बशी आली, तिच्यावर ओलं खोबरं होतं. त्यानं खाल्लं. ओरडण्यासाठी भरलेला श्वास हळूहळू बाहेर सोडला. सोफ्यावरची चादर मध्येच घोरली, तिकडंही त्यानं दुर्लक्ष केलं.

"पैशाचं बोलायचं का?" शेवटी तो अगदी हळू म्हणाला.

सगळे सरसावून बसले. हे सगळ्यांना अपेक्षितच होतं. हल्ली पोरी कमी, तेव्हा पोरीकडचा खर्च पोराकडच्यांनीच उचलायचा आणि मध्यस्थाचं वेगळं बघायचं, अशी रीत पडून गेली होती.

"बोला. आमच्यात आडपडदा नाय. किती?"

कय्युमनं मोबाइल बघितला. "सगळं मिळून एक्केचाळीस हजार."

"येवढंच?" आवडाबाई म्हणाली.

कय्युमनं बशी खाली ठेवली. 'इतके कुठून आणू', 'पुढच्या महिन्यात', 'बाप वारला' ही उत्तरं त्याला पाठ होती. 'येवढंच' हे त्यानं पहिल्यांदा ऐकलं. तो आपणहूनच आकडा खाली आणू लागला. "आजच्या आज दिले तर… बत्तीसमध्ये मिटवून टाकतो."

"पंचवीस."

"आत्या, तीस तो दो."

"अठ्ठावीस. अन् जेवून जायचं."

"जमलं!"

मागच्या सौद्यात दुसऱ्या एका मध्यस्थानं दोन लाख मागितले होते. त्यामुळं भावकीत आनंदाची लाट उठली. कनवटी सुटल्या, पाकिटं निघाली. आवडाबाईनं कांद्याचे पैसे बांधलेली पिशवी मोकळी केली. गयास बद्रीनाथच्या कानाला लागला, "चुप बैठ. मिट रहा है. कुछ मत बोल."

बद्रीनाथ चुप बसला. पाच अ‍ॅपांतून सुटायला त्याला फक्त थोडा वेळ चुप बसायचं होतं. तेवढ्यात फकिरा चहाचा ट्रे घेऊन आला. कपबशा किणकिणत होत्या, चेहऱ्यावर असं काही तेज होतं की बद्रीनाथला ते बघवेना.

"थांब आत्या!" तो उठून ओरडला. "हे पाहुणे न्हायत. हे वसुलीवाले हायेत. कर्ज माझं हाय."

पैसे मोजणारे हात थांबले.

"अन् पोरीची मावशी?"

"ती वसुलीची म्याडम."

"मग ते बारा एकर…"

"ते तूच सांगितलं, आत्या."

आवडाबाई मटकन सोफ्यावर बसली. चादरीखालून कुत्रं केकाटून बाहेर पळालं. तिकडं कुणाचंही लक्ष नव्हतं. सरू नवऱ्याकडं बघत होती. "म्हंजे न्हाणीत डोळे मारत होते ते ह्यांनाच?"

आवडाबाईनं सगळ्यांना पाकिटं परत आत घालायला लावली. मग तिनं आपली पिशवी पुन्हा हातात घेतली आणि ती कय्युमकडं वळली.

"अठ्ठावीस ठरलं ना रे? ठरलं ते ठरलं. पाचींचं मिटलं म्हणून आधी फोनवर लिहून दे, मंग मोज." गयासनं एकेक निरोप डोळ्यांत तेल घालून वाचला, पैसे भरून झाल्यावर पाचही अ‍ॅप बद्रीनाथच्या मोबाइलवरून उडवली, आणि तो घामेजल्या तोंडानं हसला. पिशवी गुंडाळत आवडाबाई बद्रीनाथला म्हणाली, "आता माझं द्यायचं. दर म्हैन्याच्या पगाराला मी येणार. हप्ता मिळंपर्यंत जाणार नाय."

कय्युम तिच्याकडं आदरानं बघतच राहिला. "आत्या, हमारे ऑफिस में आती क्या?"

फकिरा अजून ट्रे घेऊन तसाच उभा होता. "त्या म्याडम…" तो म्हणाला, "त्यांचं लगीन झालंय का?"

"नहीं ना. कन्नड तालुक्यातली आहे. बाप थकला स्थळं बघून." कय्युमनं टोपी सरळ केली. "लेकिन एक है. झूठ उसको चलता नहीं. दिनभर वही सुनती बिचारी."

भावकी पुन्हा एकदम बोलायला लागली. कय्युम जेवूनच गेला, आणि जाताना फकिराचा सुटातला फोटो घेऊन गेला.

पुढच्या आठवड्यात सगळे कांदा निवडायला देवगावात जमले असताना आवडाबाईचा फोन वाजला. तोच आवाज. तिनं स्पीकर लावला. भावकी भोवती गोळा झाली. मेहुण्यानं दोन बोटं दाखवून ट्रॅक्टरची आठवण दिली. आवडाबाईनं त्याच्याकडं पाठ केली.

"फकिराच्या घरची शेती किती?"

"अडीच एकर. तिघांत."

"विहीर?"

"हाय. पाणी नाय."

"पगार?"

"गॅरेजात हाय. मिळतो तेव्हा मिळतो."

"घरावर कर्ज?"

बद्रीनाथनं डोळे मिटून घेतले.

"थोरल्यावर हाय. अठ्ठावीस हजार. माझंच हाय अन् मी सोडणार नाय."

पलीकडं कागदावर काहीतरी लिहिल्याचा आवाज आला. मग म्याडम हळू म्हणाली, "रविवारी बाबांना घेऊन येऊ का?"

फकिरानं टोपलीतला कांदा छातीशी धरला. आवडाबाईच्या डोळ्यांना पाणी आलं, कांद्याचं असेल. "ये गं बाई, ये. अन् जमलं तर एक काम करशील का? एकाच घरात ऱ्हाशील, तर बदरीच्या हप्त्याकडं तूच बघ. माझ्यानं आता दर म्हैन्याला यष्टीनं येववणार नाय."

"बघते की, आत्या." आणि पाच कंपन्यांचा तो ओळखीचा, ठणठणीत आवाज स्पीकरमधून साऱ्या भावकीला ऐकू आला. "चुकला तर दंड किती लावायचा?"