मी सांगेपर्यंत सरळ

टेलरकाकू तिसऱ्यांदा ड्रायव्हिंगच्या परीक्षेला निघाल्या, तेव्हा काकांनी वर्तमानपत्रातून डोकं बाहेर काढलं.

"परत? अगं, दोनदा झाली ना हौस? तुला कुठे जायचं असेल तिथे मी सोडतो की."

"सोडता, पण आणता कुठे?" काकू चपला घालत म्हणाल्या. "परवा कापडाचे गठ्ठे घेऊन मी दुकानाबाहेर उभी, आणि तुम्ही घरी घोरताय."

"जरा डोळा लागला होता."

"तुम्हाला डोळा लागू दे. मला किल्ली लागते."

आणि ही हौस नव्हतीच. शेजारच्या गावातल्या मोठ्या हॉस्पिटलचं काम काकूंना मिळालं होतं. चादरी, पडदे, नर्सबाईंचे गणवेश. सगळं शिवून दर आठवड्याला पोचवायचं. हॉस्पिटलच्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला होता, "माल वेळेवर आणणार कोण?" काकूंनी क्षणाचाही विचार न करता "मी" म्हणून टाकलं होतं. काम पुढच्या महिन्यात सुरू व्हायचं होतं, आणि तिसऱ्यांदा नापास होणाऱ्याला सहा महिने परीक्षेला बसू देत नसत.

पहिल्या वेळी काकू नापास झाल्या त्या सवयीमुळे. परीक्षकांनी सरळ जायला सांगितलं, पण डावीकडे अस्तराच्या कापडाचं दुकान दिसलं आणि हात आपोआप तिकडे वळले. दुसऱ्या वेळी नडली ती जीभ. परीक्षकांच्या शर्टाचा खांदा उतरला होता, ते काकूंना बघवेना. तो कसा उसवून परत बसवावा हे समजावून सांगता सांगता त्या 'थांबा' लिहिलेल्या पाटीवरून थेट पुढे निघून गेल्या.

त्यामुळे या खेपेला काकूंनी दोन गोष्टी मनाशी पक्क्या केल्या होत्या. सांगितल्याशिवाय वळायचं नाही आणि तोंड उघडायचं नाही.

तयारीत काही कसूर नव्हती. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांची शिकवण्याची पद्धत साधी होती. काकू चुकल्या की ते डोळे मिटून घेत. पहिला महिना त्यांनी जवळजवळ आंधळेपणातच काढला. पण हल्ली त्यांचे डोळे सलग उघडे राहू लागले होते. 'आधी आरसा, मग सिग्नल, मग वळण' हे काकूंच्या इतकं अंगात मुरलं होतं, की मशीनवर उशीच्या अभ्र्याचा कोपरा आला तरी त्या आधी मान वळवून मागे बघत.

या वेळचे परीक्षक नवीन होते. तरुण, डोळ्यांवर काळा चष्मा, मांडीवर कागद लावलेलं पॅड. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत काकूंच्या शेजारी बसत ते म्हणाले, "मी सांगेन तिथेच वळायचं. मी काही बोललो नाही, तर सरळ. समजलं?"

काकूंनी मान हलवली. "हो" म्हणण्याचीही जोखीम त्यांना नको होती.

सुरुवात झकास झाली. परीक्षकांनी डावीकडे म्हटलं, काकू डावीकडे वळल्या. चढावर थांबवून परत निघायला सांगितलं, तर गाडी एक बोटभरसुद्धा मागे सरकली नाही. दोन उभ्या गाड्यांच्या मधे काकूंनी गाडी अशी अलगद नेऊन लावली, जशी सुईत दोरा ओवावा. मग मोठा रस्ता आला.

"आता सरळ," परीक्षक म्हणाले आणि गप्प झाले.

काकू सरळ निघाल्या. शाळा गेली, लाकडाची वखार गेली, पाण्याची टाकी गेली. मागच्या दोन्ही वेळी टाकीपासून परत फिरायला सांगितलं होतं. काकूंनी कान टवकारले. परीक्षक बोलेनात. काकू सरळ.

गाव संपलं. रेल्वेचं फाटक लागलं होतं, तिथे त्या थांबल्या, गाडी गेली, फाटक उघडलं, दोन्हीकडे बघून पुढे निघाल्या. पुढे गोल चौक आला. गोल चौकात सरळ म्हणजे काय, यावर काकूंनी पूर्ण एक फेरी मारून विचार केला आणि समोरचा रस्ता धरला. मग शेळ्यांचा कळप आडवा आला. शेवटचं करडू पार होईपर्यंत काकू हॉर्न न वाजवता थांबल्या. मग डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांनी शेजारी पाहिलं. परीक्षक पॅडवर पार वाकले होते.

'काय लिहितोय मेला एवढं?' काकू मनात म्हणाल्या. 'शेळ्यांना माझ्या नावावर लावतोय की काय?'

पण पुढे रस्ता खडबडीत झाला, आणि प्रत्येक खड्ड्यागणिक परीक्षक मान डोलावताना दिसले. काकूंचा जीव भांड्यात पडला. पसंत पडतंय म्हणायचं! त्यांनी वेग अजून थोडा कमी केला आणि खड्डे आणखी जपून घेतले. मानही आणखी सावकाश डोलू लागली.

आणि मग रस्ताच संपला.

समोर पाटी होती. एक बाण डावीकडे, एक उजवीकडे. सरळ म्हणाल तर एक भलंमोठं लोखंडी फाटक, सताड उघडं, त्यातून डंपर आत चाललेले. ती खडीची खाण होती. काकूंनी गाडी हळू केली. आता तरी बोलतील! मागून डंपरने भोंगा दिला. परीक्षकांनी मान डोलावली.

'मी काही बोललो नाही, तर सरळ.'

काकू फाटकातून आत शिरल्या.

रखवालदाराने गाडीवरची परीक्षेची पाटी पाहिली, आत बसलेला काळा चष्मा पाहिला, आणि कुणीतरी तपासणीला आलं असं समजून कडक सलाम ठोकला. पुढे डंपर, मागे डंपर. रांग सरकत सरकत गेली आणि काकूंची गाडी एका लोखंडी फळीवर येऊन उभी राहिली. तो वजनकाटा होता. खोपटातून काटेवाला बाहेर आला आणि गाडीभोवती एक चक्कर मारून खिडकीशी वाकला.

"माल कुठाय?"

इतर कुणाशी बोलायला बंदी नव्हती. काकूंनी काच खाली केली.

"माल नाही हो. परीक्षा चालू आहे."

"कुणाची?"

"माझी."

"आणि हे?"

"हे परीक्षक."

काटेवाला आणखी वाकला, त्याने कान दिला, आणि हलक्या आवाजात म्हणाला, "काकू, हे तर घोरतायत."

काकूंनी प्रथमच पूर्ण मान वळवून शेजारी पाहिलं. काळा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. पॅडवर एक अक्षर नव्हतं. पेनाची एक लांबलचक रेघ मात्र कागदावरून निघून थेट पँटवर गेली होती.

काकूंनी हँडब्रेक ओढला. शेजारी परवानाधारक माणूस असल्याशिवाय शिकाऊ माणसाने गाडी चालवायची नाही, हे मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. माणूस शेजारी होता खरा, पण झोपलेल्याला माणूस धरायचा की सामान? म्हणजे फाटक, गोल चौक, शेळ्या, डंपर, सगळं आपण एकटीने पार केलं? आधी त्यांना दरदरून घाम फुटला. मग, घाम पुसता पुसता, कुठेतरी आत जरा बरंही वाटलं.

"उठवा हो यांना," त्या काटेवाल्याला म्हणाल्या.

त्याने टपावर दोन थापा मारल्या. परीक्षक दचकून उठले, त्यांनी आपल्या बाजूचा ब्रेक खच्चून दाबला आणि ओरडले, "डावीकडे! डावीकडे घ्या!"

"डावीकडे खडी आहे, साहेब."

परीक्षकांनी डावीकडे पाहिलं. खडीचा डोंगर होता. उजवीकडे पाहिलं. डंपर होता.

"आपण कुठे आहोत?"

"खाणीत."

"आणलं कुणी इथे?"

"तुम्ही सरळ म्हणालात."

परीक्षकांनी चष्मा काढला. डोळे लालभडक होते. त्यांनी ते चोळले. मग रडवेल्या आवाजात म्हणाले, "घरी जुळी आहेत. एक झोपलं की दुसरं उठतं. माझी नोकरी जाईल हो, काकू. असं करू या, मी तुम्हाला पास करतो. तुम्ही कुठे बोलू नका, मी बोलत नाही."

काकूंच्या डोळ्यांसमोर हॉस्पिटलचे पांढरेशुभ्र पडदे फडफडले. "बरं" हा शब्द अगदी ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला.

"नको. मला गाडी येते की नाही, हे बघितलंय कुणी? शेळ्यांनी? उद्या खरंच कुणाच्या अंगावर घातली तर? तुम्ही जाताना झोपलात, आता येताना परीक्षा घ्या. सगळी. उघड्या डोळ्यांनी."

"आणि परत झोप लागली तर?"

"मी गाडी थांबवेन आणि उठवेन. चला, वळू का? सांगा आधी."

परतीच्या वाटेवर परीक्षकांनी काकूंना घाम फोडला. प्रत्येक गल्लीत वळवलं, प्रत्येक पाटीचा अर्थ विचारला. पण गोल चौकाशी त्यांच्या पापण्या पुन्हा जड झाल्या.

"काहीतरी बोला, काकू," ते कळवळून म्हणाले. "बोलत राहा, नाहीतर मी गेलो."

मग काकू बोलू लागल्या. जुळ्यांना झबली बंदाची शिवावीत, बटणाची नकोत. बटणं तोंडात जातात. दोघांची वेगळ्या रंगांची शिवावीत, म्हणजे रात्री एकालाच दोनदा दूध पाजलं जात नाही. परीक्षक खडबडून जागे झाले. "तसंच होतंय आमच्याकडे!" ते म्हणाले. एवढ्या गप्पांतही काकूंची नजर रस्त्यावरून हलली नाही आणि 'थांबा'ची एकही पाटी चुकली नाही.

परीक्षा केंद्राच्या दाराशी गर्दी जमली होती. गाडी हरवली म्हणून मास्तर कासावीस झाले होते. त्यांनी बोलावलेले काका घरातल्या सपातांवरच धावत आले होते. मधोमध केंद्राचे मोठे साहेब हाताची घडी घालून उभे होते. काकूंनी तोंड उघडण्याआधीच परीक्षक खाली उतरले आणि म्हणाले, "साहेब, चूक माझी आहे. मी झोपलो होतो. परीक्षा येतानाच घेतली."

साहेबांनी त्यांचे लाल डोळे बघितले, पँटवरची रेघ बघितली.

"घरी जा आणि झोपा. आठवडाभर इकडे दिसू नका," ते म्हणाले. मग काकूंकडे वळले. "परीक्षक झोपलेला असताना झालेली परीक्षा ही परीक्षा नव्हे. आणि येतानाची ठरलेल्या रस्त्यावरची नव्हे. मी घेतो. आत्ता."

"अहो साहेब, दमली असेल ती," काका पहिल्यांदाच मधे पडले.

"मी दमलेली नाही," काकू म्हणाल्या. "बसा, साहेब."

गाडी सुरू झाली, दुसऱ्या गल्लीत वळली, दोन आचके दिले आणि बंद पडली. मास्तर परीक्षेच्या फेरीपुरतंच मोजून पेट्रोल घालत. ते खाणीत जाऊन यायला कुठून पुरणार?

"निघताना पेट्रोलचा काटा बघायचा असतो," साहेब थंडपणे म्हणाले.

"चुकलं," काकू म्हणाल्या. पण हात थांबले नाहीत. उरल्यासुरल्या वेगात त्यांनी गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला, इशाऱ्याचे दिवे लावले, डिकीतला लाल त्रिकोण काढला आणि मागून येणाऱ्यांना लांबूनच दिसेल असा रस्त्यावर मांडला. मास्तर आणि काका पळत आले. पेट्रोल पंप गल्लीच्या टोकालाच होता, आणि गाडी तिथवर ढकलत नेण्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता.

"तुम्ही स्टेअरिंगवर बसा," साहेबांनी बाह्या सरसावल्या. "हा अजून परीक्षेचाच भाग आहे."

काकूंनी त्रिकोण उचलून ठेवला, इशाऱ्याचे दिवे बंद केले आणि ब्रेक सोडला. तिघांनी खांदे लावले. गाडी हलली. मास्तर कण्हत होते, काकांची एक सपात मागेच राहिली होती, साहेबांचा पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता. पंप जवळ आला. काकूंनी आरशात बघितलं, मान वळवून खात्री केली आणि सिग्नल दिला. मागचा पिवळा दिवा बरोबर साहेबांच्या नाकासमोर उघडझाप करू लागला.

"अहो बाई," साहेब धापा टाकत ओरडले, "गाडी बंद आहे! सिग्नल कुणाला देताय?"

काकूंनी आरशातून नजर न हटवता उत्तर दिलं.

"मागे माणसं आहेत ना, साहेब."

साहेब ढकलायचे थांबले. एक हात डिकीवर टेकून त्यांनी काखेतला परीक्षेचा कागद काढला, तिथेच वाकून त्यावर सही केली आणि पेन खिशाला लावलं.

"साहेब, पास का?" काकांनी दबक्या आवाजात विचारलं.

"पास," साहेब म्हणाले आणि परत खांदा लावला. "आता तुम्हीही जरा जोर लावा. मघापासून गाडीवर नुसता हात ठेवून चाललाय."